घटापुढचा पांढरा शिपाई

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. फवारणीचे पंप धुवायला काढले होते.

घाटनांदूरला आमचं बी-बियाण्याचं आणि शेतीऔषधांचं दुकान आहे. दुकान नवऱ्याच्या नावावर आहे आणि चालवते मी. तो खेड्यापाड्यांतून फिरत असतो. खंडेनवमीला दुकानातली अवजारं घरी आणायची, घासायची, तेलाचं बोट फिरवायचं आणि घटापुढे पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. त्या दिवशी त्यांना काम लावायचं नाही. दसऱ्याच्या सकाळी उचलायची आणि जिथली तिथे न्यायची. पंप, वजनकाटा, पाने, पक्कड, विळा, नारळ फोडायचा कोयता, सगळं मागच्या अंगणात नळाखाली मांडून मी बसले होते. औषधाचा वास साबणाने जात नाही. नाकाला पदर बांधून घासायचं आणि डोक्यात दुसरं काही ठेवायचं, हा माझा उपाय.

त्या दिवशी डोक्यात वायरलेसवाला होता. दुपारी लातूरहून एक माणूस त्याला घेऊन येणार होता.

मी काय जमवते ते आधी सांगते. आमच्या लहानपणी टीव्हीवर एक लष्करी कार्टून लागायचं. चांगले शिपाई, वाईट शिपाई, रोज लढाई, आणि मरत कुणीच नाही. त्यातल्या शिपायांचे प्लास्टिकचे पुतळे बाजारात आले होते. तळहाताएवढी उंची, मान, कोपर, कंबर, गुडघा सगळं वळायचं. प्रत्येकाची बंदूक वेगळी, पाठीवरचं ओझं वेगळं. आपल्याकडे ते देशातच एका कारखान्यात बनायचे आणि तिथे रंगांची सरमिसळ व्हायची. परदेशात हिरवा असलेला इथे निळा निघायचा. आता त्या चुकलेल्या रंगांसाठीच जगभरातले लोक ते शोधत असतात. मीही शोधते. माझ्या मधल्या खोलीत काचेचं कपाट आहे, त्यात माझी पलटण उभी आहे. पलटण हा शब्द नवऱ्याचा. सासूबाईंचा शब्द बाहुल्या. गल्लीतल्या बायका तोंडावर काही म्हणत नाहीत. हळदीकुंकवाला आल्या की कपाटापाशी थांबतात, एकमेकींना कोपर मारतात आणि लेकराबद्दल विचारतात. लेकरू पुण्याला नोकरीला आहे, ते त्यांना माहीत असतं.

वायरलेसवाला माझा पहिला. आम्ही तेव्हा बीडला राहायचो. वडील एसटीत कंडक्टर होते, औरंगाबादच्या गाडीवर असले की भावासाठी एखादा शिपाई आणायचे. फक्त भावासाठी. हा एक भावाला आवडला नाही, कारण ह्याच्याजवळ बंदूकच नव्हती. पाठीवर वायरलेसची पेटी आणि कानाजवळून तोंडापर्यंत येणारी एक काडी, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. भावाने तो माझ्या अंगावर फेकला. मी उचलला. लढाईत माझं काम मदत बोलावण्याचं, आणि भाऊ कधी मदत येऊ द्यायचा नाही. तरी तो माझा होता.

दिवाळीत लिंबागणेशहून काका आले. त्यांच्या मुलाने तो शिपाई पाहिला आणि भोकाड पसरलं. वडिलांनी माझ्या मुठीतून तो काढून त्याला दिला. बोटं एकेक करून उघडावी लागली. म्हणाले, "पोरीच्या जातीला शिपाई कशाला? भांडी खेळ." चुलत भावाने संध्याकाळी तो सुतळी बॉम्बला बांधला आणि वात लावली. सगळे टाळ्या वाजवत होते, वडीलसुद्धा. सकाळी अंगण झाडताना मला एक बूट सापडला, घोट्यापासून वितळलेला. मी तो केराबरोबर उकिरड्यावर टाकला.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दुकानासमोर भंगारवाल्याचा गाडा उभा होता. पत्र्याच्या डब्यांखालून एक हिरवा हात बाहेर आला होता, बोटं बंदूक धरल्यासारखी वळलेली. तिथून हे सुरू झालं. पुढे मोबाईल आला, जमवणाऱ्यांचे ग्रुप आले. मी दुरुस्तीही शिकले. ह्या शिपायांच्या पोटात एक काळी रबरी रिंग असते, तिने धड आणि पाय एकत्र धरलेले असतात. तीस वर्षांनी रबर कुजतं. मग कंबर ढिली पडते आणि एक दिवस वाकवताना रिंग तुटते. कधीकधी आतला आकडाही मोडतो, मग तो शिपाई कायमचा गेला. फवारणी पंपाच्या नळीत बसणारी सगळ्यात लहान रिंग तिथे बरोबर बसते. पाठीचा स्क्रू काढायचा, रिंग बदलायची, स्क्रू लावायचा. माझ्या दुकानात त्या रिंगांची पिशवीच असते.

वायरलेसवाला मात्र मिळत नव्हता. मिळाला तर पेटी नसायची, पेटी असली तर काडी नसायची. काडी असलेला पूर्ण शिपाई माझ्या माहितीत एकाकडेच होता, लातूरच्या एका बँकेतल्या अधिकाऱ्याकडे. तो विकायला तयार नव्हता, अदलाबदल करायला तयार होता. त्याला माझा बर्फातला पांढरा शिपाई हवा होता. टोपीपासून बुटापर्यंत पांढरा, बंदूकही पांढरी, आणि चेहऱ्यावरचा रंग एवढासाही उडालेला नाही, भुवया जशाच्या तशा. फोनवर बोलणं झालं. खंडेनवमीला त्याने रजा काढली होती. मी पांढऱ्याला सकाळीच कपाटातून काढून मधल्या खोलीतल्या फळीवर उभा केला, बंदूक हातात दिली, आणि पंप धुवायला गेले.

मी अंगणात घासत होते तेव्हा आत मोरीतही काहीतरी घासलं जात होतं. काथ्याचा खरखर आवाज येत होता. सासूबाईंचे नवरात्राचे नऊ दिवसांचे उपास असतात आणि त्या दिवसांत देवाची भांडी त्या दुसऱ्या कुणाला घासू देत नाहीत. समई असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

पुसलेली अवजारं घेऊन आत गेले तर पाट मांडलेला होता. रांगोळी होती, झेंडू होता, घटातलं धान वीतभर वर आलं होतं. आणि पाटावर मधोमध, घरातली विळी आणि अडकित्ता यांच्यामध्ये माझा पांढरा शिपाई उभा होता. डोक्यावर झेंडूचं फूल, अंगाला हळद, छातीवर आणि बंदुकीवर तेलात कालवलेलं कुंकू. मी खाली वाकून पाहिलं. चिंच, राख आणि काथ्या लावून त्याला समईसारखा घासला होता. भुवया गेल्या होत्या. डोळे गेले होते. छातीवरचं चिन्हही गेलं होतं. चेहरा सोललेल्या लसणाच्या पाकळीसारखा गुळगुळीत झाला होता.

"आत्याबाई, हे काय केलं?"

"कावून? हत्याराची पूजा हाय आज. शिपाई हाय, हातात बंदूक हाय. हत्यार न्हाई का ते?"

"कपाटभर आहेत. हाच बरा सापडला?"

"ह्यो लई मळला व्हता. धुतला जरा."

"डोळे गेले त्याचे."

"डोळे व्हते का त्याला?" सासूबाई कापसाची वात वळत म्हणाल्या. "मला बाई चष्म्याबिगर काय दिसतं?"

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी शिपायाकडे हात नेला तशा त्या मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पुजलेलं उचलू नको. उद्या उचलायचं. घरात सुवासिनी तू, तुला रीत सांगावी लागती का?"

पांढरा आज जाणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. दोन दिवस मी फोनवर बोलत होते तेव्हा त्या बाजूलाच शेंगा फोडत बसलेल्या असायच्या. आणि त्यांचं कारणही मला माहीत होतं. महिन्यापूर्वी अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्यांच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा पाहिला आणि मिश्री बंद करायला सांगितली. सासूबाई हो म्हणाल्या आणि घरी येऊन दुप्पट लावायला लागल्या. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी ओट्यावर बसलेल्या असताना त्यांच्या हातातून मिश्रीचा डबा घेतला आणि मोरीत ओतून वर बादलीभर पाणी टाकलं. त्या बायका हसल्या. सासूबाई बोटाला चिकटलेली मिश्री चाटत बसल्या होत्या. डबा ओतला ते बरोबरच केलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा ओतीन. पण त्या दिवसापासून त्या माझ्याशी जरुरीपुरतं बोलत होत्या, आणि मला वाटलं होतं एवढ्यावर भागलं.

"माझा डबा मोरीत गेला," वात समईत ठेवत त्या म्हणाल्या, "तवा कुनी इचारलं न्हाई मला, काय केलं म्हणून. म्या तर देवाचं केलंय."

देवाचं केलंय म्हटलं की आपल्याकडे विषय संपतो. नवरा आंघोळ करून आला, त्याने पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आई, कशाला हात लावलास त्याला?" एवढं म्हणून तो लगेच माझ्याकडे वळला. "जाऊ दे आता. सणाचं भांडण नको. पुसून निघंल की ते."

"हळद उन्हात ठेवली की उडते," मी म्हणाले. "कुंकू उडत नाही. तेलातलं तर नाहीच. आणि डोळे काय उन्हात उगवणार आहेत?"

"मग पेनानं काढ की डोळे," तो म्हणाला आणि नैवेद्याच्या ताटात काय आहे ते बघायला गेला.

लातूरच्या माणसाला येऊ नका म्हणून फोन लावला. तो गाडी चालवत होता, उचलला नाही. दुपारी दारात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात स्टीलचा डबा. आधी कपाट पाहिलं. "खेड्यात एवढं नीट ठेवलेलं बघितलं नव्हतं, ताई," म्हणाला. मग डबा उघडला. आत कापूस, कापसात वायरलेसवाला.

"घ्या हातात," तो म्हणाला. "मग आपला बघू."

मी घेतला. पेटी होती, काडी होती. बोटं लगेच तिथेच गेली जिथे पूर्वी जायची, पेटीच्या कोपऱ्यावर. दुसरी गोष्टही त्याच वेळी कळली. कंबर ढिली होती. आतलं रबर शेवटाला आलं होतं; अजून एकदोनदा वाकवला की तुटणार.

"कुठाय आमचा पांढरा?"

"घटापुढे आहे."

तो हसला. मग माझा चेहरा पाहून हसायचा थांबला आणि बूट काढून आत आला. सासूबाई पाटाजवळच बसल्या होत्या. त्याने वाकून, मग गुडघे टेकून, मोबाईलचा उजेड पाडून बघितलं. बघता बघता सासूबाईंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं.

"नीट वाका की साहेब. देवापुढं हाईत तुमी."

"हे कुणी केलं, ताई?"

"म्या केलं," सासूबाई म्हणाल्या. "पटली का पूजा?"

तो उठला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. "अहो, हळद लागली ह्याला! आता नवरी बघा एखादी." नवराही हसला. पाहुण्याला एकटं हसू देऊ नये, एवढी रीत त्याला कळते. त्या माणसाने पाटाचा फोटो काढला, शिपायाचा जवळून आणखी एक काढला.

"फोटो कशाला?" मी विचारलं.

"असंच. ग्रुपवर मजा येईल."

मी म्हणाले, "पांढरा गेला ते गेलं. कपाटातला दुसरा कुठलाही घ्या. दोन घ्या. कितीही घ्या, तुम्ही निवडा."

तो पुन्हा कपाटासमोर गेला. घाई केली नाही. एकेक फळी वरून खालपर्यंत पाहिली, मध्ये दोनदा "वा" म्हणाला. मग माझ्याकडे हात पसरला. माझ्या हातात वायरलेसवाला अजून तसाच होता.

"हे सगळे आहेत माझ्याकडे, ताई. परभणीचा एक जण मागे लागलाय ह्याच्या. तुमच्यासाठी त्याला नाही म्हणालो होतो. आता त्याला हो म्हणतो."

मी दिला. बोटं उघडावी लागली नाहीत, मी स्वतःच उघडली. त्याने त्याला डब्यात बसवण्यासाठी कमरेत वाकवला आणि ती रिंग ताणली गेलेली मला दिसली. नळीतल्या रिंगांची पिशवी दुकानात होती, दुकान दहा पावलांवर होतं. स्क्रू काढून रिंग बदलायला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला असता. मी काही बोलले नाही. चहाही विचारला नाही. सासूबाईंनी मात्र त्याला प्रसाद दिला आणि जाताना म्हणाल्या, "परत या हो साहेब, पुढच्या नवमीला."

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. खाली "शिपाईबाबा प्रसन्न", "नवस बोला", "कोंबडं कापायचं का", असं चाललेलं होतं. एका बाईची वस्तू आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून जास्त चाललं होतं. मी वाचून काढलं, मोबाईल बाजूला ठेवला आणि भाकरी टाकायला बसले. सासूबाईंचा उपास सुटायचा होता. पहिली भाकरी नेहमीसारखी त्यांनाच वाढली. त्या चवीने जेवल्या. "आज भाकर लई मऊ झालीय," म्हणाल्या. महिन्याभरात पहिल्यांदाच जेवणाबद्दल काही बोलल्या.

दसऱ्याला मी लवकर उठले. घट उठवून झाला, अवजारं पाटावरून उचलली. पंप आणि वजनकाटा दुकानात गेला, विळी आणि अडकित्ता स्वयंपाकघरात. राहिला पांढरा शिपाई. त्याला मी ताम्हनात धुतला, पुसला, आणि देव्हाऱ्यात नेऊन खंडोबाच्या टाकाशेजारी, बाळकृष्णाच्या मागे उभा केला. बंदूक हातात दिली. भुवया होत्या तिथे गंध लावलं.

सासूबाई न्हाऊन देवपूजेला बसल्या आणि त्यांची नजर त्याच्यावर गेली. देव त्या रोज स्वतः न्हाऊ घालतात. दुसऱ्या कुणाचा हात त्यांना चालत नाही.

"हे हितं कावून आनलंस?"

"पुजलेला आहे, आत्याबाई. कपाटात कसा ठेवू? आणि टाकून तर देता येत नाही."

"प्लास्टिकचं हाय ते!"

"काल हत्यार होतं."

"काढ म्हनलं ना त्याला."

"तुम्हीच पुजलाय. तुम्ही काढा."

तेवढ्यात शेजारच्या त्याच दोघी आपट्याची पानं घेऊन आत आल्या. मी त्यांना देव्हारा दाखवला. "आत्याबाईंनी काल घटापुढे बसवला, आज देवात घेतला," म्हणाले. एकीने लगेच हात जोडले. दुसरीने विचारलं, ह्या देवाला नैवेद्य काय चालतो. सासूबाईंचा हात त्याला काढायला पुढे झाला होता, तो त्या दोघींसमोर तसाच मागे आला.

"सांगा की आत्याबाई," मी म्हणाले.

त्यांनी पळी उचलली. बाळकृष्णाला न्हाऊ घातलं, टाक धुतले. मग शिपायाला पायाकडून धरला, ताम्हनात उभा केला आणि त्याच्या डोक्यावर पळीभर पाणी सोडलं. दोघी शेवटपर्यंत थांबून बघत होत्या.

मी दुकानाचं शटर वर केलं. पहिलं गिऱ्हाईक सोनं द्यायला म्हणून आलं होतं, आणि त्याला पंपाची रिंगही हवी होती. पिशवीतून काढून दिली.